ओहोटी बघून ठरणारे रविवार

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णयच्या शेजारी अजून एक कागद लावलेला असतो, त्या महिन्याच्या भरती-ओहोटीच्या वेळांचा. घरी येणारा प्रत्येक जण विचारतोच की हे कशाला? घरात कोणी मासेमारी करत नाही, कोणाची बोट नाही, मी बँकेत नोकरी करते, नवरा इन्शुरन्समध्ये, राहतो प्रभादेवीला. पण मला ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन डबक्यांमध्ये काय काय जिवंत आहे ते बघत बसायला प्रचंड आवडतं, आणि आता हा छंद इतका अंगात मुरलाय की कुठल्या रविवारी कोणाकडे जेवायला जायचं हेसुद्धा आधी ओहोटी बघून ठरतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाचं काही ना काही चालू असतंच. खालचे काका रोज संध्याकाळी कॅरम बोर्डावर पावडर टाकून तयार, समोरच्या वहिनींनी खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्यापासून अळूपर्यंत सगळं लावलंय, नवरा नाटकवेडा, रवींद्र नाट्यमंदिरला नवीन नाटक लागलं की तिकीट काढून मोकळा. मला घरात बसून करायचा छंद कधी जमलाच नाही, वन बीएचकेमध्ये चौघं राहत असताना आपलं असं टेबल कुठून आणायचं? आणि समुद्र मात्र चालत जाण्याच्या अंतरावर, त्याला ना फी ना मेंबरशिप.

लहानपणापासून आपण मुंबईकर समुद्रावर जातो म्हणजे काय करतो, तर कट्ट्यावर बसतो, भेळ खातो, सूर्यास्त बघतो, घरी येतो. नजर कायम लांब. पायाखालच्या खडकांकडे कोणी बघतच नाही, आणि तिथे वास येतो, कचरा असतो, घसरायला होतं हे सगळं खरंच आहे, पण त्याच खडकात प्रवाळ आहे, ऑक्टोपस आहे, जिवंत कवड्या आहेत हे मला पस्तिशी उलटून गेल्यावर कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला हे सांगत सुटलेय.

आधी वेळेचं सांगते कारण या छंदात सगळं वेळेवर आहे. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खूप खाली उतरतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फार चढतही नाही, उतरतही नाही. आपल्याला काम उधाणाच्या ओहोटीशी, कारण एरवी कायम पाण्याखाली असलेला खडक तेव्हाच उघडा पडतो.

आता यातली मजा माझ्या सासूबाईंनी मला शिकवली. त्यांचं माहेर रेवदंड्याकडचं. मी मोबाइलवर वेळा शोधत बसले होते तर म्हणाल्या, "अगं मोबाइल कशाला हवाय त्याला, तिथीची पाऊणपट कर की." म्हणजे आजची तिथी घ्यायची, तिला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती. दशमी असेल तर दहाचे पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसात आणि रात्री साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. मी छापील वेळा काढून ताडून बघितलं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बसतं! आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी हे कागद-पेन्सिलीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या वापरलंय. मी तर आता सणांचीही गणितं करते. अनंत चतुर्दशी, चौदाचे पाऊणपट साडेदहा, म्हणजे विसर्जनाच्या रात्री चौपाटीवर साडेदहाच्या आसपास पाणी भरलेलं असणार, दर वर्षी, न चुकता. दसऱ्याला साडेसात. तारीख इंग्रजी कॅलेंडरमध्ये कुठेही फिरू दे, तिथी तीच तर भरतीची वेळही तीच.

आणि यातूनच एक गोष्ट माझ्या लक्षात आली जी मला अजूनही फार भारी वाटते. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास, आणि मोठी ओहोटी कायम पहाटे पाच-साडेपाच-सहा आणि संध्याकाळी पाच-साडेपाच-सहा. कायम! नोकरी करणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं काय असणार सांगा, पहाटे जाऊन साडेसातला घरी परत, आंघोळ करून डबा घेऊन नेहमीची बस. पावसाळ्यात पेपरमध्ये साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी येते ना, पाणी कुठे तुंबणार म्हणून लोक ती बघतात, त्यातल्या वेळा एकदा वाचून बघा, बहुतेक सगळ्या दुपारी बारा-एकच्या आसपासच्या सापडतील.

आता जायचं कुठे. माझी नेहमीची जागा हाजी अलीच्या बाजूचे खडक. दर्ग्याकडे जाणारा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो हे सगळ्यांना माहितीये, पण ओहोटीला त्याच्या दोन्ही बाजूंना जे उघडं पडतं तिकडे कोणी वळून बघत नाही. काळा बेसॉल्ट आहे, ज्वालामुखीचा, सहा कोटी वर्षांहून जुना, आणि खाचाखळगे भरपूर, त्यामुळे पाणी उतरलं तरी जागोजागी डबकी राहतात. याशिवाय वांद्र्याला कार्टर रोड, मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड, म्हणजे लाटा अडवणारे ते सिमेंटचे ठोकळे, संपतात त्या बाजूचा खडक, वरळी. वाळूचा किनारा हवा असेल तर जुहू किंवा गिरगाव, तिथली दुनिया अगदी वेगळी, त्याबद्दल खाली लिहिते.

खडकावर पहिल्यांदा गेलं की काहीच दिसत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते कारण माझ्याबरोबर आलेले सगळेच पाच मिनिटांत म्हणतात की इथे काय आहे? काही नाही, एका डबक्यापाशी उकिडवं बसायचं आणि हलायचं नाही. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. दोन-तीन मिनिटांत आधी एक शंख चालायला लागतो, आणि तो गोगलगायीच्या मानाने फारच भरभर चालतोय असं वाटलं तर समजायचं की आत खेकडा आहे. हर्मिट क्रॅब. याच्या पोटाचा भाग मऊ असतो, त्याला स्वतःचं कवच नाही, म्हणून रिकामा शंख शोधून त्यात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. म्हणून किनाऱ्यावरचे रिकामे शंख पिशवी भरभरून घरी नेऊ नका हो, शोकेसमध्ये ते धूळ खात पडतात आणि इथे त्याला घर मिळत नाही. मुंबईत घर शोधणं काय असतं ते आपल्याला कोणी सांगायला नको.

मग समुद्रफुलं दिसायला लागतात, नाव फुलाचं पण आहेत प्राणी. पाणी असताना ती उघडी असतात, बारीक बारीक बोटं सगळीकडे पसरलेली, आणि पाणी उतरलं की मिटून चक्क चोखून टाकलेल्या जांभळाच्या बीसारखी दिसतात, अंगावर वाळूचे कण चिकटलेले, त्यामुळे माणसं सरळ त्यांच्यावर पाय देऊन जातात. त्यांच्या जवळच्या नात्यातले झोअँथिड, ते हिरवे-तपकिरी, एकमेकांना चिकटून गालिचा पसरावा तसे सगळा खडक व्यापून बसतात. त्यांना हात लावायचा नाही, काही जातींत फार जहाल विष असतं. आणि याच खडकांवर प्रवाळ. हो, मुंबईत. आपल्याला वाटतं प्रवाळ म्हणजे लक्षद्वीप, अंदमान, निळंशार पाणी, पण इथल्या गढूळ पाण्यातही खडकाला चिकटून तळहाताएवढ्या, ताटाएवढ्या वसाहती आहेत. कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत ते. कोस्टल रोडचं काम आलं तेव्हा २०२०मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या काही वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या होत्या. मार्च २०२४मध्ये रस्त्याचा पहिला भाग सुरू झाला, मीही त्यावरून गेलेय, दहा मिनिटांत वरळीहून मरीन ड्राइव्ह, सोय झालीच. पण ज्या कातळावर मी तासन्‌तास बसले होते त्यातला काही आता भरावाखाली आहे आणि मला त्या रस्त्यावरून जाताना दर वेळी त्याची आठवण येते, ते काही जात नाही.

बार्नॅकलबद्दल मात्र थोडं जास्त लिहिणार. खडकावर, जेट्टीच्या खांबांवर, बोटीच्या तळाला ते पांढरे खरखरीत टोकदार दाणे चिकटलेले असतात, पाय कापतात त्यांनी, ते. मला कित्येक वर्षं ती शिंपल्यांची जात वाटायची. तर ते कोळंबी आणि खेकड्यांच्या गोतावळ्यातले! पिल्लू असताना पाण्यात पोहत फिरतं, मग जागा पसंत करून डोक्याकडून खडकाला चिकटतं, भोवती चुन्याचं घर बांधतं, आणि उरलेला सगळा जन्म उलटं होऊन पायांनी अन्न ओढून घेतं. भरलेल्या डबक्यात बुडालेला बार्नॅकल शोधा आणि जवळून बघा, वरची दारं उघडतात, आतून पिसासारखे पाय बाहेर येतात, एकदा झटका देऊन पाणी चाळतात, आत जातात, परत बाहेर. एकसारखं. माझी भाची पहिल्यांदा आली तेव्हा तिला मी ऑक्टोपस दाखवायचं कबूल केलं होतं, तो काही दिसला नाही, पण ती या बार्नॅकलसमोर इतका वेळ बसली की शेवटी पाणी चढायला लागलं म्हणून मला तिला हाताला धरून उठवावं लागलं, आणि घरी जाताना टॅक्सीत, "मावशी, पण तो डोक्यावर उभा राहून कंटाळत नसेल?"

ऑक्टोपस मला स्वतःला दिसला तो डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी, अंधार पडता पडता. टॉर्च मारला तर एका कपारीत खडकाचा एक तुकडा श्वास घेत होता. म्हणजे खरंच, दगड हलतोय, फुगतोय, बसतोय. मग डोळा दिसला. मी अजिबात हलले नाही. तो तपकिरी होता, बघता बघता फिकट पडला, परत गडद झाला, अंगावर खरखरीत उंचवटे आले आणि गेले, आणि मग एक हात, एकच, बाहेर येऊन कपारीच्या कडेवरून चाचपत चाचपत पुढे गेला आणि एक छोटी चिंबोरी, म्हणजे खेकडा, पळाली. ती त्याला मिळाली नाही. थोड्या वेळाने तो स्वतः निघाला आणि माझ्या दोन बोटं मावतील एवढ्या फटीतून पलीकडच्या डबक्यात गेला, कारण अंगात हाड नाही, चोच सोडली तर कडक काहीच नाही. तीन हृदयं आणि निळं रक्त, रक्तात लोहाऐवजी तांबं असतं म्हणून निळं. मागे रस्त्यावर बेस्टच्या बसेस, हॉर्न, दर्ग्यातली कव्वाली, आणि इथे हे. त्या रात्री मला धड झोप लागली नाही, आनंदाने.

खडकांवर तुम्ही एकटे नसता. ओहोटीला कोळणी येतात कालवं काढायला, हातात टोकदार लोखंडी हत्यार, एका घावात वरची शिंप उघडते आणि आतलं मांस डब्यात. एका मावशींशी आता चांगली ओळख झालीये. सुरुवातीला त्यांना मी काय करते तेच कळेना, "बाय, काय हरवलं काय तुझं?" म्हणून विचारलं होतं. आता त्याच हाक मारून दाखवतात, इथे बघ, तिथे बघ. त्यांची नजर माझ्या नजरेच्या कितीतरी पुढे आहे. कुठली जागा शेवाळाने घसरते, पाट्यासारख्या कुठल्या दगडाखाली हात घालायचा नाही, पाकट माशाचा काटा लागला तर काय होतं, सगळं त्यांना पायांनी माहिती. त्यांनीच मला सांगितलं की पाठीमागे पाणी कुठून शिरतं ते आधी बघून ठेव, समोरचं पाणी कोणालाही दिसतं.

हे फार महत्त्वाचं आहे म्हणून जरा आकड्यांत सांगते. ओहोटी ते भरती सहा तास धरले तर पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढायचं त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढंच चढतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. उधाणाला साडेचार मीटरचा फरक असेल तर मधल्या दोन तासांत ताशी एक मीटरहून जास्त पाणी वाढतं. म्हणून पहिल्या तासात वाटतं की अजून भरपूर वेळ आहे, आणि तिथेच लोक अडकतात. माझा नियम सरळ आहे, ओहोटीच्या वेळेच्या तास-दीड तास आधी पोचायचं, पाणी खाली जातंय त्याच्या मागे मागे जायचं, आणि ओहोटी पूर्ण झाली की परत फिरायला लागायचं, कितीही काही छान दिसत असलं तरी. जून ते सप्टेंबर खडकावर मी जातच नाही, शेवाळ आणि लाटा दोन्ही वाईट.

पावसाळ्यात मग मी जुहूला जाते, वाळूवर. जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्याबरोबर निळी बटणं वाहून येतात, रुपयाच्या नाण्याएवढी चकती आणि भोवती निळी झालर, आणि त्यांच्याबरोबर ब्लूबॉटल, निळसर फुगा आणि खाली लांबच लांब दोरा. यातलं प्रत्येक म्हणजे एकच प्राणी नाही, अनेक छोट्या जिवांची वसाहत. ब्लूबॉटलला मेलेला समजून उचलायला जाऊ नका, किनाऱ्यावर सुकत पडलेला असला तरी त्याचा दोरा डंख मारतो आणि प्रचंड आग होते. लहान मुलं फुगा म्हणून धावतात त्याच्याकडे, मी तर अनोळखी आईबाबांनाही जाऊन सांगते, कोणाला राग आला तर येऊ दे.

आणि उघडीप असेल तेव्हा वाळूवरच्या गोळ्या बघायच्या. ओहोटी लागली की ओल्या वाळूत बारीक भोकं आणि त्यांच्याभोवती मोहरीपासून ज्वारीपर्यंतच्या आकाराच्या हजारो गोळ्या, नक्षीच काढलेली असते, कुठे किरणांसारखी, कुठे गोल. एक टिचभर खेकडा वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्यासारखं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पावलं वाजली की सगळे एका क्षणात भोकात गडप, मग पाच मिनिटं पुतळा होऊन उभं राहायचं की परत वर येतात आणि काम पुढे चालू. मी यांच्यासाठी जुहूला लोकलने उभ्याने जाते आणि उभ्याने परत येते, मला त्याचं काहीही वाटत नाही.

एकट्याने सुरुवात करायची नसेल तर मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा ग्रुप आहे, २०१७पासून किनाऱ्यावर लोकांना घेऊन जातो, मीसुद्धा त्यांच्याचबरोबर पहिल्यांदा नीट बघायला शिकले. फोटो मी आयनॅचरलिस्टवर टाकते, ही जीवांच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट आहे, कुठला तरी कोपऱ्यातला अभ्यासक येऊन नाव सांगून जातो, आणि नोंद कायमची राहते. अमुक दिवशी अमुक जागी हा जीव होता, एवढी साधी गोष्ट, पण इथला किनारा ज्या वेगाने बदलतोय ते बघता ही नोंद असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही, डबक्यावर छत्री उघडून धरा, पाण्यावरची चमक जाते आणि साध्या मोबाइलमध्येही तळ दिसतो.

पायात चप्पल नको, मागे पट्टा असलेले जुने सँडल किंवा कॅनव्हासचे बूट घाला, कालवांच्या कडा ब्लेडइतक्या धारदार असतात. टॉर्च, पाण्याची बाटली, घसा कोरडा पडतो फार. दगड उलटा करून बघितला तर होता तसा परत ठेवा, हळू, त्याच्या खालच्या बाजूला जे चिकटलेलं असतं ते उन्हात तासाभरात मरतं. आणि जिवंत कवडी दिसली तर उचलू नका, नुसती बघा, तिच्या अंगाची मऊ झालर शंखावर दोन्ही बाजूंनी चढलेली असते, तिच्यामुळेच शंखाला ती तकाकी येते.

पुढच्या महिन्यात पौर्णिमा शनिवारी आहे, म्हणजे शनिवार-रविवार दोन्ही पहाटे पाणी खूप खाली जाणार. मी हाजी अलीला साडेचारच्या सुमाराला असेन, मावशीही बहुतेक असतील. कोणाला यायचं असेल तर खाली लिहा, आणि मुलांना नक्की आणा, फक्त रात्री लवकर झोपवा त्यांना.